तट, बांध, प्लेग आणि प्लॉटची हद्द: मुंबईचे रस्ते असे का आहेत

प्रश्न असा आहे: मुंबई इंग्रजांनी उभारली म्हणतात, मग ती आखीव का नाही? हुतात्मा चौकातून चहूकडे रुंद रस्ते निघतात. तिथून चालत काळबादेवीत गेले की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तरी वाट अडते. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत पुन्हा सरळ गल्ल्या, झाडे, दोन इमारतींमध्ये मोकळी जागा. एकाच राजवटीत तीन तऱ्हांचे शहर कसे झाले, आणि आता हे बदलता येईल का?

इंग्रजांनी सगळ्या मुंबईची एक आखणी कधीच केली नाही. दर वेळी काहीतरी तातडीचे समोर आले, शत्रूची भीती, भरतीचे पाणी, कापसाची वाहतूक, प्लेग, आणि त्या वेळेपुरती एक रेघ ओढली गेली. कारण सरले तरी रेघ राहिली, कारण रस्ता पडला की त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पडतात, प्लॉटवर मालक किंवा भाडेपट्टेदार बसतो आणि सरकारदरबारी त्याची हद्द लागते. इमारत पडते, मालक बदलतो, रस्त्याचे नावही बदलते; हद्द हलवायची म्हणजे मात्र भूसंपादन, भरपाई आणि कोर्ट. माझी नगररचनेतली बहुतेक वर्षे शहर विभागातल्या अशा हद्दी वाचण्यात गेली आहेत. त्यामुळे हे उत्तर मी इमारतींच्या शैलीकडून न देता जमिनीकडून देतो.

फोर्टापासून सुरुवात करू. ईस्ट इंडिया कंपनीला ही बेटे १६६८ साली वर्षाला १० पौंड भाड्याने मिळाली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वस्तीभोवती तट उभा राहिला. त्याला तीन मुख्य दरवाजे होते: पश्चिमेला चर्चगेट, दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बझार गेट. आत मधोमध ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मोकळे पटांगण होते, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी. या पटांगणाच्या बाजूने एकेका दरवाजाकडे एकेक मुख्य रस्ता जाई. वीर नरिमन रोडचा फोर्टातला तुकडा, मुंबई समाचार मार्ग आणि पेरिन नरिमन स्ट्रीट हे तेच तीन रस्ते. दरवाजे जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी हे रस्ते अजून त्यांच्याच दिशेने धावतात. आजच्या हुतात्मा चौकातले फ्लोरा फाउंटन १८६४ साली बसवले ते चर्चगेटच्या दरवाजाच्या जागेवर, म्हणून आजही तिथे सगळी वाहतूक एकवटते.

तटाच्या आतही एक सीमा होती. चर्चगेटच्या रस्त्याच्या दक्षिणेला मुख्यतः युरोपियन वस्ती, उत्तरेला पारशी, बोहरी, बनिया व्यापारी. आज बोरा बाजारातून निघून हॉर्निमन सर्कलकडे चालत या. उत्तरेकडे गल्ल्या अरुंद, प्लॉट चिंचोळे आणि खोल, खाली दुकान वर घर. दक्षिणेकडे प्लॉट मोठे, रस्ता ऐसपैस. सीमेवर पाटी कुठेच नाही, पण सिटी सर्व्हेच्या (शहराच्या भूमापनाच्या) नकाशावर ती प्लॉटच्या आकारावरून लगेच ओळखू येते.

तटाबाहेर काय ठेवायचे हा निर्णय मात्र सगळ्यांत दूरगामी ठरला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि मुंबईतल्या कंपनीची झोप उडाली. तटाभोवती खंदक खणायचे ठरले आणि त्यासाठी इथल्या व्यापाऱ्यांनीही वर्गणी दिली. पण खंदकाने भागत नाही. तोफेला समोर मोकळे मैदान लागते, नाहीतर शत्रू घरांच्या आडोशाने थेट तटापर्यंत येतो. म्हणून तटाबाहेरची घरे, माड, देवळे हटवून ‘एस्प्लनेड’ मोकळे केले गेले. मुंबादेवीचे जुने देऊळही या पट्ट्यात होते. ते हलवावे लागले आणि देवी आजच्या झवेरी बाजाराजवळच्या जागी आली. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी फोर्टात मोठी आग लागली, उत्तरेकडची दाट वस्ती जळाली, आणि त्यानंतर हा मोकळा पट्टा आणखी वाढवला गेला. घर गेलेल्यांना सांगण्यात आले की पट्ट्याच्या पलीकडे बांधा.

काळबादेवी, भुलेश्वर, पायधुणी, मांडवी या भागांना नकाशावर ‘नेटिव्ह टाउन’ म्हटलेले आढळते. तिथल्या दाटीला लोकांच्या बेशिस्तीचे फळ समजण्याची सवय आपल्यालाही लागली आहे. मला हे मान्य नाही. दक्षिणेला बांधायला बंदी, पूर्वेला बंदर, पश्चिमेला समुद्र आणि माडांच्या बागा, उत्तरेला भरतीचे पाणी शिरणारी सखल जमीन. व्यापार बंदरावर अवलंबून, म्हणून बंदरापासून लांब जाण्याची सोय नाही. अशा पाचरीत हजारो कुटुंबांनी घरे बांधली तर जागेचा कणन्‌कण वापरला जाणारच. ती दाटीही वसाहतीच्या आखणीचाच परिणाम आहे. फरक एवढाच की तिथे कोणी नकाशा काढला नव्हता. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्या तोफांच्या मैदानाचे उरलेले तुकडे. आज तिथे मुले क्रिकेट खेळतात याचा मला मनापासून आनंद आहे, पण ही मैदाने नागरिकांच्या आरोग्यासाठी राखली होती असे कोणी सांगितले तर ते चूक आहे.

गिरगावाचे रस्ते आणखी वेगळ्या मातीचे. तिथे आधी नारळाच्या बागा होत्या, पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या. एकेक बाग एका कुटुंबाकडे, तिला कुंपण, आत जायला एक वाट. वस्ती वाढली तशी बाग विकली न जाता आतूनच भरत गेली. मालकाने आत चाळी बांधल्या, आतली पायवाट गल्ली झाली. खोताची वाडी, फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, झावबावाडी या सगळ्यांची घडण अशीच. म्हणूनच गिरगावातली वाडी मुख्य रस्त्याला एका तोंडाने उघडते आणि आत जाऊन बहुधा संपते. एका वाडीतून शेजारच्या वाडीत जायला थेट वाट नसते, कारण मधले कुंपण मालकीचे होते आणि कुंपणाच्या रेषेवर आता इमारतींच्या पाठी उभ्या आहेत. अग्निशमन दलाची गाडी आत शिरत नाही तेव्हा तिला अडवणारी हद्द बागांच्या काळातली असते. याच बंद तोंडामुळे वाडीत एकोपा टिकला, गणपती आणि नाटके आत रंगली, हेही तितकेच खरे.

आता पूर्व-पश्चिम रस्त्यांकडे पाहू, कारण मुंबईची खरी दुखरी नस ती आहे. बेटे जोडली जाण्याआधी महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत येई आणि भायखळा, कामाठीपुऱ्यापर्यंतची जमीन बुडवी. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना, १७८४ च्या सुमारास, तिथे बांध पुरा झाला. हाच हॉर्नबी वेलार्ड, आजच्या हाजी अलीजवळचा. बांध झाल्यावरही आतली जमीन पावसात तुंबे, म्हणून तिच्यावरून जाणारे रस्ते मुळात उंच भराव होते. बेलासिस रोड १७९३ साली सुरू झाला. दुष्काळाने सुरतेकडून मुंबईत आलेल्या गरिबांना काम मिळावे म्हणून वर्गणी जमवली होती, तिच्यातून तो बांधला. म्हणजे आज ज्याला जहांगीर बोमन बेहराम मार्ग म्हणतात तो मुळात दुष्काळी काम आहे. ग्रँट रोड त्यानंतर साधारण साडेचार दशकांनी आला. भरावांच्या मधल्या जमिनी हळूहळू भरल्या गेल्या. कामाठीपुऱ्यात गल्ल्यांना नावांऐवजी आकडे आहेत आणि त्या बऱ्याच समांतर आहेत, कारण तिथे आधीची वस्ती, बाग किंवा वाट फारशी नव्हती; कोऱ्या सखल जमिनीवर रेघा मारता आल्या. पावसाळ्यात या पट्ट्यात पाणी का साचते, हे विचारण्याआधी हॉर्नबीच्या आधीचा नकाशा बघावा.

उत्तरेकडे बेटे साष्टीला जोडण्याचे कामही असेच टप्प्याटप्प्याने झाले. माहीमचा कॉजवे १८४५ साली खुला झाला. सरकारने पैसे द्यायला हात आखडता घेतला, तेव्हा अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, अट एकच: टोल घ्यायचा नाही. आज माहीमहून दादरकडे येणारा लेडी जमशेटजी रोड त्यांच्याच नावाचा. वसाहतीच्या शहरातले सगळेच साहेबांनी केले असा समज होतो, म्हणून ही गोष्ट मी आवर्जून सांगतो.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्या दशकात पश्चिमेकडची लाइनही आली. दोन्ही लाइन उत्तर-दक्षिण. त्यांच्यामध्ये आणि बाजूंना गिरण्या आल्या: उंच भिंती, एक गेट, आत कित्येक एकरांचे आवार. गिरणीला रस्ता हवा होता तो मालासाठी आणि कामगारांच्या पाळीसाठी. आवारातून सार्वजनिक वाट जाऊ देण्यात तिचा काहीच फायदा नव्हता. त्यामुळे परळ-लालबागमधले रस्ते आवारांना वळसे घालत जातात. आणखी एक उदाहरण तुळशी पाइप रोडचे. तुळशी तलावाची जलवाहिनी ज्या रेषेने आली, त्या रेषेवर रेल्वेला लागून रस्ता झाला. आज तो सेनापती बापट मार्ग आहे. पाण्याच्या नळाने रस्त्याची जागा ठरवली.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा हे दुरुस्त करण्याची मोठी संधी होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: मोकळी जागा, म्हाडाची घरे आणि मालक. १९९६ साली चार्ल्स कोरिया समितीने गिरण्यांच्या जमिनी एकत्र धरून नियोजन करावे असे सुचवले. तसे झाले नाही. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि प्रत्येक गिरणी आपापल्या भिंतीच्या आत वेगळी विकसित झाली. चिमणीच्या जागी काचेची इमारत आली, कामगारांच्या जागी ऑफिसातली माणसे आली, पण बाहेरचा रस्ता आणि रेल्वेवरचे पूल तसेच. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन-परळच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्या सकाळी पाऊस होता, जिना अरुंद होता, हे सगळे खरे. पण दोन रेल्वेलाइन आणि गिरण्यांच्या बंद आवारांमध्ये लाखो माणसांना पूर्व-पश्चिम जायला मोजकेच पूल मिळावेत, ही परिस्थिती त्या दिवशी तयार झाली नव्हती. माझ्या क्षेत्रातल्या आम्हा सगळ्यांना हे टाळता येण्यासारखे होते, आणि त्याचे दुःख आजही कमी होत नाही.

फोर्टाचा आजचा चेहरा १८६० च्या दशकातला. बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले, तटाचा लष्करी उपयोग संपला होता, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तट पाडले आणि त्यांच्या जागेतून रुंद रस्ते निघाले. हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, साधारण पश्चिमेच्या तटाची रेषा धरून जातो. तट पाडल्याने जमीन सरकारच्या हाती होती, मालक नव्हते, म्हणून इथे हवी ती रुंदी आणि हवे ते नियम लावता आले. या रस्त्यावरच्या इमारतींना तळमजल्यावर सलग कमानींची वाट ठेवण्याची सक्ती झाली. पावसाळ्यात फाउंटनपासून सीएसएमटीपर्यंत बरेचसे कोरडे चालता येते ते त्यामुळे. वसाहतकाळातला हा नियम मला फार मोलाचा वाटतो. इमारत खासगी, पण तिच्या पोटातून जाणारी वाट सगळ्यांची.

नंतर प्लेग. १८९६ साली मांडवीत साथ सुरू झाली आणि १८९८ साली कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पिसवांमुळे प्लेग पसरतो हे तेव्हा सर्वमान्य नव्हते. कोंदट हवा आणि अंधार यांना दोष दिला जाई. त्यामुळे ट्रस्टने दाट वस्तीतून समुद्राचा वारा आत यावा असे पूर्व-पश्चिम रस्ते फोडले. प्रिन्सेस स्ट्रीट (शामळदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड (सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) हे त्यातले ठळक. नेटिव्ह टाउनच्या जुन्या पेठा उत्तर-दक्षिण लांबलेल्या होत्या, फोर्टापासून दूर सरकत गेलेल्या; हे नवे रस्ते त्यांना आडवे कापतात. ट्रस्ट रस्त्यापुरतीच जमीन घेत नसे, दोन्ही बाजूंचा पट्टाही घेई आणि नव्या रस्त्याचे दर्शनी प्लॉट भाडेपट्ट्याने देऊन खर्च वसूल करी. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या इमारती एका उंचीच्या, एका ओळीत दिसतात त्या म्हणून. त्यांच्या मागे दोन पावले आत गेलात की कावेलच्या गल्ल्या होत्या तशाच. पाडलेल्या खोल्यांतले लोक कुठे गेले? नवी घरे तेवढ्या संख्येने आणि तेवढ्या भाड्यात कधीच झाली नाहीत. लोक शेजारच्याच गल्ल्यांत आणखी दाटीने राहिले. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस भारतात आले तेव्हा त्यांनी अशा तोडफोडीला विरोध करून निवडक, लहान शस्त्रक्रियेचा मार्ग सुचवला होता. त्यांचे फारसे ऐकले गेले नाही.

त्याच ट्रस्टने दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा योजना केल्या, आणि तिथे मात्र काम उत्तम झाले. शेतजमीन होती, आधी रस्ते आणि मोऱ्या झाल्या, मग प्लॉट पडले, मग घरे. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, फाइव्ह गार्डन्स, किंग्ज सर्कल हे सगळे त्यातले. दोन इमारतींमधली मोकळी जागा ठरली एका कोनाने. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला: तळमजल्याच्या खोलीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा त्यापेक्षा चढी नको. हिशेब सोपा आहे, समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मे तरी अंतर मोकळे. माटुंग्याच्या जुन्या इमारतींत दुपारी तळमजल्यावर दिवा लावावा लागत नाही ती या कोनाची देणगी. आज पुनर्विकासात एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येते ते प्रमाण) वाढवून बाजूच्या मोकळ्या जागेत सवलत मागितली जाते, तेव्हा हाच उजेड विकला जात असतो.

उपनगरांबद्दल थोडक्यात. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथे टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम झाल्या. पत्त्यांत ‘टीपीएस’ दिसते ते तेव्हापासूनचे. त्यांच्या बाजूला गावठाणे आपापल्या जुन्या वळणांनी राहिली. एस. व्ही. रोड हा जुना घोडबंदर रोड आणि एलबीएस मार्ग हा जुना आग्रा रोड, म्हणजे तिथे गावाहून गावाला जाणारी वाटच मुख्य रस्ता झाली.

बदलता येईल का? आजवरचा मार्ग सेटबॅकचा आहे. १८८८ च्या महापालिका कायद्याखाली रस्त्याची ‘रेग्युलर लाइन’ ठरते आणि इमारत नव्याने बांधताना तिच्या मागे सरकावे लागते. पण इमारती एकेक करून पडतात. म्हणून गिरगावात एक नवी इमारत आत, शेजारची जुनी बाहेर, असा रस्ता दातेरी होतो आणि रुंद झालेल्या तुकड्यात गाड्या उभ्या राहतात. रुंदीकरणाची रेघ नकाशावर दशकानुदशके पडून राहते. त्यामुळे मोठी कामे हद्दीला हात न लावता वरून किंवा खालून जातात: मोहम्मद अली रोडवरून जे. जे. उड्डाणपूल गेला, काळबादेवी-गिरगावात मेट्रो ३ जगन्नाथ शंकरशेट मार्गाखालून गेली, आणि तिथेही स्थानकांसाठी इमारती घ्याव्या लागल्याच.

खरा बदल समूह पुनर्विकासाने सुरू झाला आहे. भेंडी बाजारात १६.५ एकरांत सुमारे २५० इमारतींच्या जागी मोजके टॉवर येत आहेत. प्लॉट जोडले की हद्दी मिटतात. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनंतर जुन्या शहरात प्रथमच कोणीतरी या प्रमाणात रेघा बदलते आहे. मोडकळीला आलेल्या खोल्यांतल्या माणसाला चांगले घर मिळायलाच हवे. माझी काळजी गल्लीची आहे. हद्दीबरोबर मधली वाट मिटली आणि तिच्या जागी टॉवरचा आतला रस्ता व गेटवर रखवालदार आला, तर गिरणीच्या आवाराचीच पुनरावृत्ती होईल. ट्रस्टने दादरला पाळलेला क्रम, आधी रस्ता मग प्लॉट, समूह योजनेत सक्तीचा असावा, आणि प्रत्येक जुनी वाट डीपीच्या (विकास आराखड्याच्या) शीटवर सार्वजनिक म्हणून नोंदल्याशिवाय प्लॉट जोडायला परवानगी मिळू नये.

तुम्ही जुन्या इमारतीत राहत असाल आणि पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर आर्किटेक्टकडून सी. एस. (सिटी सर्व्हे) नंबरचा नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, रेग्युलर लाइनचा आणि डीपीचा रिमार्क मागून घ्या. मग मागची घरगल्ली त्यावर शोधा. टोपलीचे संडास होते त्या काळी हलालखोरांना मागच्या मागे येऊन मैला उचलता यावा म्हणून ही चिंचोळी वाट ठेवली जाई. माणसाला माणसाने अशा वाटेने यायला लावले, ही आपल्या शहराची लाज आहे. आज तिथून मलवाहिन्या जातात. ती कोणाच्या नावावर आहे, दोन मालकांत विभागलेली आहे की पालिकेची, ते पाहा. अशा चार-सहा घरगल्ल्या जोडून सलग पायवाट होते का, हे नकाशा मंजूर होण्याआधी सोसायटीच्या सभेत विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही, कारण तोवर नवी हद्द लागलेली असते.